हिरवळ पिवळी पडली की आधी वाफसा पाहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील एका बंगल्यापुढे ३० फूट लांब आणि २० फूट रुंद मोकळी जागा आहे. दोन वर्षांपूर्वी तेथील काळ्या मातीवर तीन इंच लाल माती पसरून मेक्सिकन गवताचे तयार गालिचे अंथरले. पहिले वर्ष हिरवळ छान होती. आता मे महिन्याच्या अखेरीस तिचा साधारण एक तृतीयांश भाग पिवळा पडला आहे, मातीवर पांढरट पापुद्रा येतो, एका कोपऱ्यात पाणी साचते आणि तेथे लव्हाळा माजला आहे. बोअरचे पाणी पाइपने सकाळी अर्धा तास व संध्याकाळी अर्धा तास दिले जाते आणि दर पंधरा दिवसांनी युरिया टाकला जातो. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.४, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आणि मुक्त चुना ११ टक्के आला आहे, तर बोअरच्या पाण्याची विद्युत वाहकता (क्षारांचे माप) १.८ डेसिसायमन प्रति मीटर आहे. दुकानदार जिप्सम टाका म्हणतो, माळी सगळे उखडून नव्याने लावा म्हणतो. कोणाचे ऐकावे?

तूर्त दोघांचेही ऐकू नये. आपण गवताविषयी, पाण्याविषयी आणि खताविषयी बारकाईने लिहिले आहे, ते वाचून बरे वाटले; परंतु मुळांविषयी पत्रात एक शब्दही नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दुखणे तेथेच आहे. सोलापुरात अंगणे, शाळांची आवारे आणि मंगल कार्यालयांची पटांगणे हिरवी करण्याचे काम मी पंचवीसहून अधिक वर्षे करीत आलो आहे. या शहरात पाण्यावाचून वाळलेल्या हिरवळी मी पाहिल्या आहेत, पण त्यांच्यापेक्षा पाण्याने गुदमरून मेलेल्या हिरवळी अधिक पाहिल्या आहेत.

म्हणून औषध किंवा खत आणण्यापूर्वी एक काम करावे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपे घेऊन पिवळ्या भागाच्या कडेला वीतभर लांब-रुंद चौकोन कापावा, सहा इंच खोल जावे आणि ते ढेकूळ न मोडता वर काढून वर्तमानपत्रावर ठेवावे. तसेच दुसरे ढेकूळ हिरव्या भागातून काढावे. दोन्ही शेजारी ठेवून कडेने पाहावे. पिवळ्या भागातल्या ढेकळात बहुधा असे दिसेल : वर बोटभर जाडीचा जुन्या काड्यांचा थर, त्याखाली तीन इंच लाल माती, तिच्या तळाशी चिखलाची ओली रेघ आणि त्याखाली कुऱ्हाडीने तोडावी लागेल अशी घट्ट काळी माती. मुळे लाल मातीतच दोन इंचांपर्यंत गेलेली असतील, खालची टोके तपकिरी आणि बुळबुळीत असतील आणि नाकाजवळ नेल्यास तुंबलेल्या मोरीसारखा आंबूस वास येईल. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास येतो आणि मुळे पांढरी असतात. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला म्हणजे पुढचे सारे म्हणणे आपोआप पटेल.

आपल्याकडे शेतकरी ‘वाफसा’ हा शब्द वापरतात. जमीन ओली आहे पण चिकट नाही, पायाला माती लागत नाही, कुळव चालतो आणि बी रुजते, अशी ती अवस्था. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चांगल्या मातीचा साधारण निम्मा भाग घन कणांचा आणि निम्मा पोकळीचा असतो. त्या पोकळीत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असली की मुळाला दोन्ही मिळते. मूळ श्वास घेते, त्याला प्राणवायू लागतो. पोकळी सतत पाण्याने भरलेली राहिली तर मुळाच्या शेजारी पाणी असूनही त्याला ते ओढून घेता येत नाही, आणि वर गवत तहानलेले दिसू लागते. मग माणूस आणखी पाणी घालतो. आपल्या अंगणात गेले काही महिने हेच चक्र चालू असावे.

वाफसा ओळखण्याची रीत सोपी आहे. तीन-चार इंच खालची मूठभर माती घेऊन लाडू वळावा आणि छातीच्या उंचीवरून फरशीवर सोडावा. लाडू वळला आणि पडल्यावर फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. पडून थापीसारखा चिकटला तर माती फार ओली आहे, आणि वळलाच नाही तर ती कोरडी आहे. मी आजही कोणत्याही यंत्राआधी हाच लाडू वळतो.

आता तीन इंच लाल मातीविषयी. नर्सरीवाले ती सर्रास सुचवतात, कारण ती दिसायला स्वच्छ असते, पसरायला हलकी असते आणि गालिचे तिच्यावर लगेच बसतात. दोष लाल मातीचा नाही, तिच्या थराचा आहे. काळी माती चिकण असते. ओली झाली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात आणि पाणी अगदी सावकाश खाली उतरते. वरच्या भरड लाल मातीत मात्र पाणी झटकन शिरते आणि खाली काळ्या मातीला टेकले की थबकते. म्हणजे आपण नकळत एक उथळ परात तयार केली आहे आणि गवत त्या परातीत लावले आहे. बांधकामाच्या वेळी वाळूचे ट्रक आणि जेसीबी याच जागेवर उभे राहिले असतील तर खालची माती आणखी दाबली गेली असणार. शिवाय प्लास्टरचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा त्यातच मुरलेला असतो, तो चुन्यात भर घालतो.

ही चूक मी स्वतःही केली आहे. धंद्याच्या सुरुवातीला एका मंगल कार्यालयाच्या आवारात मी सहा इंच लाल माती टाकून हिरवळ केली होती आणि पहिल्या हंगामात तिचे कौतुकही झाले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात पाऊस लागून राहिला. सोलापूरला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरातच पडतो, हे मला पाठ होते, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. आठवड्याभरात गवताचे पट्टे काळपट झाले आणि लग्नसराईपूर्वी सगळे काढावे लागले. कावळ्याच्या चोचीइतकी लांब मुळेही त्याखाली नव्हती. (आपल्याकडे ‘लॉन्स’ अशी पाटी लावलेल्या जागेत गवत हळूहळू व्यासपीठाच्या पायरीपुरते उरते, त्याचे कारण मंडपाचे खांब आणि हजार पावलांचा दाब हेच आहे, पण तो विषय वेगळा.)

आपल्या जागेत पाणी किती वेगाने मुरते हे मोजावे. एक फूट खोल आणि वीतभर रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने पाहावे. तासाला इंचभर किंवा अधिक उतरली तर निचरा बरा आहे. अर्ध्या इंचाहून कमी उतरली तर पुढे सांगितलेले भोके पाडण्याचे आणि उताराचे काम टाळता येणार नाही.

पाण्याचा हिशेब मात्र थोडा विस्ताराने करावा लागेल, कारण सोलापुरात हिरवळ टिकते किंवा जाते ती तेथेच. आपली जागा ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी घातले की ते एक मिलिमीटर होते. मेच्या कडक उन्हातही अशा उष्ण हवेच्या गवताला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी पुरते. म्हणजे आपल्या जागेला २८० लिटर. आता पाइपखाली पंधरा लिटरची बादली लावून घड्याळ पाहावे. ती एका मिनिटात भरत असेल, आणि घरगुती पाइपला ते नवल नाही, तर दिवसभरात तासभर पाणी म्हणजे ९०० लिटर, सोळा मिलिमीटर. गरजेच्या तिप्पट.

हे जादा पाणी नुसते वाया जात नाही, ते सोबत क्षार आणते. १.८ वाहकतेच्या एका लिटर पाण्यात ढोबळमानाने ११५० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. ९०० लिटर पाण्यातून दररोज सुमारे एक किलो क्षार आपण अंगणात ओतता. शंभर दिवसांत एक क्विंटल. त्यांतला काही भाग खाली जातो, काही चुना होऊन बसतो आणि पाणी उडून गेल्यावर उरलेला वर येऊन पापुद्रा धरतो. तरीही घाबरण्याचे कारण नाही. मेक्सिकन म्हणून नर्सरीत मिळणारे गवत झोयसिया गटातले असते आणि ते खारटपणा बऱ्यापैकी सोसते. पाणथळपणा मात्र ते सोसत नाही. निचरा झाला तर पावसाळ्यात हेच क्षार धुऊन खाली जातील. निचरा झाला नाही तर कितीही चांगले पाणी दिले तरी पापुद्रा येतच राहील.

मग पाणी किती दिवसांनी द्यावे? हे हवामानावर जितके अवलंबून असते तितकेच मुळांच्या खोलीवर असते. काळ्या मातीचा एक इंच थर गवताला उपयोगी पडेल असे साधारण चार मिलिमीटर पाणी धरून ठेवतो, आणि त्यातले निम्मे संपले की पुन्हा द्यावे असा संकेत आहे. दोन इंच मुळांच्या हाती म्हणजे फक्त चार मिलिमीटर येतात, तेही लाल मातीत आणखी कमी. असे गवत मे महिन्यात रोज पाणी मागणारच. मुळे सहा इंच गेली तर हातात बारा मिलिमीटर येतात आणि दोन-तीन दिवस निभते. मुळे ओल शोधत खाली जातात, पण खाली हवा असेल तरच. म्हणून एकदम पाणी तोडू नये. आधी संध्याकाळची पाळी बंद करावी. पात्यांवर रात्रभर ओल राहणे हे बुरशीला आवतण असते, त्यामुळे ती बंद होण्यातच फायदा आहे. मग भोके पाडल्यानंतर दोन आठवड्यांनी एक दिवसाआड आणि मुळे उतरल्यावर दोन दिवसांआड करावे. दोन दिवसांआड देताना प्रत्येक वेळी पंधरा ते सतरा मिलिमीटर द्यावे, म्हणजे सुमारे ८५० ते ९५० लिटर, आणि ते पहाटे, दोन हप्त्यांत, मध्ये तासभर थांबून, कारण काळी माती एका दमात इतके पाणी पीत नाही. वरचे एक-दोन मिलिमीटर क्षार खाली ढकलण्यासाठी आहेत. हिवाळ्यात हेच अंतर पाच-सहा दिवसांवर जाते.

पाण्याविषयी आणखी दोन गोष्टी सांगतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बागेत सोडण्याची पद्धत शहरात रुळली आहे. ते पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक खारट असते, ते फरशी धुण्यास वापरावे, हिरवळीस नव्हे. पाणी मऊ करणारे यंत्र बसवले असेल तर त्याचे पाणीही नको, कारण ते चुना काढून त्याजागी सोडियम घालते आणि सोडियम काळ्या मातीचा रवा, म्हणजे दाणेदार घडण, मोडतो. दुसरी गोष्ट अधिक आनंदाची आहे. गच्चीवरचे पावसाचे पाणी हे आपल्याला मिळणारे सर्वांत गोडे पाणी होय. पन्हळीचा पाइप गटारात जात असेल तर तो वळवून हिरवळीच्या वरच्या अंगाला सोडावा. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि वर्षाचा पाऊसही बेताचाच असतो, तेथे हे पाणी गटारात घालवणे मला तरी पाहवत नाही. मुंबई इलाख्यातील कोरडवाहू शेतीचे प्रयोग १९३३ पासून सोलापुरात झाले. त्यांचा गाभा पडलेला पाऊस जमिनीत मुरवून धरण्याचा होता, आणि अंगणातही मातीकडून आपल्याला तेच हवे आहे.

जिप्समबद्दल. जिप्सम चोपण जमिनीचे औषध आहे. जेथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, तेथे जिप्सममधला कॅल्शियम त्याची जागा घेतो आणि सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. आपल्या अहवालात विनिमययोग्य, म्हणजे कणांना असा चिकटलेल्या, सोडियमचा आकडाच नाही. मुक्त चुना असलेल्या जमिनीचा सामू स्वाभाविकपणे ८.२ ते ८.४ च्या दरम्यान राहतो, ८.५ च्या वर गेला की चोपणपणाचा संशय घ्यावा. म्हणजे आपली जमीन चुनखडीची आहे, चोपण आहे असे म्हणण्यास आधार नाही, आणि तिच्यात कॅल्शियम आधीच मुबलक आहे. पुढच्या तपासणीत मातीतील विनिमययोग्य सोडियम आणि पाण्यातील अवशिष्ट सोडियम कार्बोनेट हे दोन आकडे मागून घ्यावेत. पहिला पंधरा टक्क्यांच्या वर किंवा दुसरा अडीचच्या वर आला तर जिप्समचा विचार करू. निचरा नसताना टाकलेले जिप्सम तसेही वाया जाते.

पिवळेपणा कशाचा आहे हेही पाने जवळून पाहिल्याखेरीज ठरवू नये. खालची जुनी पाने सबंध पिवळी आणि वरची हिरवी असतील तर नत्राची कमतरता असते. उलट वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या लांबीत हिरव्या शिरांच्या बारीक रेघा असतील तर लोहाची. माझा अंदाज दुसरीकडे झुकतो. चुनखडीच्या मातीत लोह असते, पण मुळांना घेता येत नाही. आणि अशी माती सतत ओली राहिली तर मुळांनी सोडलेला कर्बवायू बाहेर पडत नाही, त्याचे बायकार्बोनेट होते आणि लोहाची वाट आणखी बंद होते. म्हणजे येथेही वाट त्याच पाणथळपणाकडे जाते. तात्पुरता उपाय म्हणून एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून ऊन उतरल्यावर फवारावे. आपल्या जागेला पाच-सहा लिटर द्रावण पुरेल. दोन-तीन दिवसांत पात्यांना रंग येऊ लागला तर निदान बरोबर ठरले असे समजावे. फेरस सल्फेट मातीत टाकण्यात अर्थ नाही, चुना ते लगेच अडकवून ठेवतो. मातीतून द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोहाला चुन्यापासून जपणारे संयुग) घ्यावे. स्वस्त मिळणारे ईडीटीए प्रकारचे लोह इतक्या सामूला टिकत नाही. फवारताना शहाबादी फरशी झाकावी. तांबूस डाग पडले की निघत नाहीत आणि घरात त्याची आठवण वर्षभर निघते.

युरिया थांबवावा. दर पंधरा दिवसांनी दिलेल्या युरियाने पाती वाढतात, मुळे मागे राहतात आणि चुनखडीच्या जमिनीवर पडलेल्या युरियातील बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. त्याऐवजी अमोनियम सल्फेट वापरावे : एका वेळेस संपूर्ण जागेला सव्वा किलो, तेही दोन भागांत, पंधरा दिवसांच्या अंतराने, कोरड्या पात्यांवर भुरभुरून लगेच पाणी. वर्षातून तीन वेळा, जुलै, सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारी, इतके पुरे. आमच्या काळ्या जमिनीत पालाश सहसा भरपूर असते, आणि स्फुरद गरजेपेक्षा अधिक झाला तर लोह आणखी अडते, म्हणून मिश्रखतांच्या आणि हाडांच्या पुडीच्या नादी लागू नये.

आता कामाचा क्रम. मृगाचा एखादा चांगला पाऊस होऊन गेला आणि लाडूची परीक्षा उतरली की हिरव्या राहिलेल्या दोन तृतीयांश भागात भोके पाडावीत. पोकळ दातांचे अवजार मिळाले तर ते उत्तम, कारण ते मातीची सुपारीएवढी जाड कांडी उपसून काढते. नुसती टोकदार सळई कडेची माती दाबते, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. भोके निदान चार इंच खोल, म्हणजे लाल थर ओलांडून काळ्या मातीत शिरणारी, आणि तीन इंच अंतरावर असावीत. काम कंटाळवाणे आहे. दोन मजूर लावले तरी दिवस जातो. ओल्याचिंब मातीत ते कधीही करू नये, भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि केलेले काम उलटते.

त्याच दिवशी वरून भर द्यावी. चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग आणि आपल्याच अंगणातील काळी व लाल माती एकत्र करून चाळलेली एक भाग असे मिश्रण करावे आणि पाव इंच जाडीने पसरून खराट्याने भोकांत लोटावे. आपल्या ४०० चौरस फुटांना सुमारे आठ-नऊ घनफूट, म्हणजे वीसएक घमेली लागतील. गवताची टोके वर दिसली पाहिजेत, गवत पुरले जाता कामा नये. बाहेरून निराळी माती किंवा नुसती वाळू आणू नये. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती भुसभुशीत होत नाही, विटेसारखी होते, आणि नुसती वाळू वर पसरली तर पुन्हा नवा थर तयार होतो. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के म्हणजे कमीच. तो एका वर्षात वाढत नाही. अशी भर दरवर्षी जून आणि ऑक्टोबरात दिली तर तीन वर्षांत हाताला माती बदललेली कळते, गांडुळे दिसू लागतात आणि काळ्या मातीत रवा धरतो.

शेणखताबाबत कडक राहावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी येते. मूठभर खत पिशवीत बांधून दोन दिवस ठेवावे. उघडल्यावर उष्ण लागले किंवा उग्र वास आला तर ते परत पाठवावे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात मळीचे (प्रेसमडचे) खत स्वस्त मिळते आणि ते उत्तमही आहे, पण निदान तीन-चार महिने कुजवलेले हवे. ताजी मळी तापते आणि मुळे भाजते.

पिवळ्या पडलेल्या २०० चौरस फुटांत मात्र डागडुजी पुरणार नाही. तेथले गवत काढावे, नऊ इंच खोल खणून लाल-काळे थर एकमेकांत मिसळावेत, प्लास्टरचे तुकडे वेचावेत आणि दोन इंच जाडीचे कुजलेले खत त्यात एकजीव करावे. हे खत ३३ घनफूट, म्हणजे ब्रासचा तिसरा हिस्सा होईल. मग जागेला उतार द्यावा. घराकडून कुंपणाकडे वीस फुटांत तीन ते चार इंच उतार पुरेसा आहे. डोळ्याला तो दिसत नाही, पाण्याला कळतो. साचणाऱ्या कोपऱ्यातून पाणी बाहेर जाण्यास वाट ठेवावी. माती पावसाने बसू द्यावी आणि जुलैत हिरव्या भागातून घेतलेल्या काड्यांनीच लागण करावी, नवे गालिचे विकत घेण्याची गरज नाही. गालिचा आणावाच लागला तर त्याच्या तळाची माती पाहून घ्यावी. ती आपल्या मातीहून अगदी निराळी असेल तर तळ धुऊन लावावा.

लव्हाळ्यासाठी येथे एक इशारा. त्याच्या गाठी मण्यांच्या माळेसारख्या जोडलेल्या असतात. रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटते आणि प्रत्येक मणी स्वतंत्र उगवतो. म्हणून या भागात यंत्र न घालता काट्याने माती उलटावी आणि गाठी हाताने वेचाव्यात. निचरा सुधारला की त्याचा जोर ओसरतो, पण तो पूर्ण जातो असे मी म्हणणार नाही. उसातल्या लव्हाळ्याची औषधे हिरवळीवर आपल्या मनाने मारू नयेत.

कापणीचा नियम एकच : पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये. हे गवत इंचभर उंच ठेवावे, उन्हाळ्यात थोडे अधिक. कापणी यंत्राचे पाते धारदार असावे. कापलेले गवत बारीक असेल तर तेथेच पडू द्यावे, ते कुजून नत्र परत देते. वर दिसणारा काड्यांचा जाड थर त्या कापलेल्या गवतामुळे होतो असा समज आहे, तो खरा नाही. झोयसियाचे जुने दांडे आणि मुळे हळू कुजतात म्हणून तो होतो. थर अर्ध्या इंचाहून जाड झाला असेल तर जुलैत लोखंडी दाताळ्याने विंचरून काढावा.

एक मत मात्र न विचारता देतो. कंपाउंडच्या भिंतीलगतची दोन-तीन फुटांची पट्टी दुपारी भिंतीच्या झळीने भाजते आणि झाडाखालची पट्टी सावलीत विरळ राहते. या दोन्ही ठिकाणी गवताचा हट्ट सोडून मुरमाची वाट किंवा कमी पाण्यावर जगणारी झुडपे लावली तर पाणी आणि मजुरी दोन्ही वाचतील. आणि मेक्सिकनऐवजी हरळीच का नको, असे कोणी विचारले तर मी अडवणार नाही. गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच, आणि नर्सरीत ‘सिलेक्शन’ नावाने विकले जाते तेही तिचेच भावंड. शेतकऱ्याचा जन्म हरळी काढण्यात जातो आणि शहरात आपण पैसे मोजून तीच लावतो, याचे मला अजून हसू येते. पण भर उन्हात, खारट पाण्यावर, पावलांखाली तिच्याइतके टिकणारे दुसरे गवत मी सोलापुरात पाहिलेले नाही. तिला सावली चालत नाही, एवढेच.

सप्टेंबरातल्या मोठ्या पावसानंतर कोपऱ्यात पाणी किती तास उभे राहते ते लिहून ठेवावे. घटस्थापनेच्या सुमारास पहिल्या जागेजवळच पुन्हा वीतभर ढेकूळ काढावे. पांढरी मुळे चार इंचांखाली काळ्या मातीत शिरलेली दिसली तर पाण्याची पाळी वर सांगितल्याप्रमाणे लांबवावी. ती अजून लाल थरातच अडकलेली असतील तर वाफसा पाहून ऑक्टोबरात त्या जागेवर भोके पाडण्याचे काम पुन्हा करावे आणि मुळे खाली उतरेपर्यंत पाळी आहे तशीच ठेवावी.